सरक, मी करतो

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवाच असा आग्रह नाही, मलाही आधी हसूच आलं होतं. पण जिच्याबरोबर घडली ती माझी मावसबहीण. मी तिला ताई म्हणते. आणि ताईला साधी थापसुद्धा धड मारता येत नाही.

अमावास्येची रात्र वगैरे काही नव्हती. सोमवार होता. भर दुपार.

ताई एका संगणक मासिकाच्या चाचणीखोलीत काम करते. खोलीला खिडकी नाही. एक लांब टेबल, त्यावर उघडा मदरबोर्ड, समोर चाकांची खुर्ची. नवा बोर्ड आला की प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जोरात पळवायचा आणि बोर्ड कुठवर दम धरतो ते पाहायचं. त्यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. वेग, व्होल्टेज, सगळं बायोसमध्ये भरायचं. म्हणजे मशीन सुरू होतानाच सेटिंगचा जो पडदा उघडतो, त्यात.

हे काम आधी भावोजी करायचे. ताई त्यांची मदतनीस.

कागदावर मदतनीस. अडलेला बोर्ड ज्या व्होल्टेजवर चालेल तो आकडा सापडायचा ताईला, छापून यायचं भावोजींचं नाव. सात वर्षं. तिने स्क्रूड्रायव्हर उचलला की ते म्हणायचे, "सरक, मी करतो." आणि तिला खुर्चीसकट डावीकडे ढकलायचे.

लाडाने हं. सगळे म्हणायचे, किती लाड करतो बायकोचे.

आठ महिन्यांपूर्वी ते हार्ट अटॅकने गेले. त्या सोमवारी ताईची पहिली स्वतंत्र चाचणी होती. दोन तास सलग मशीन टिकलं, तर पाच वाजता अहवाल. तिच्या नावाने.

संपादक दारातून डोकावले. "वहिनी, झेपेल ना? नाहीतर बाहेरचा एक माणूस बघून ठेवलाय."

"मला नाव आहे, साहेब."

"हो की! तोंडात वहिनीच बसलंय. पाचपर्यंत हं, वहिनी."

ताईने दाराला आतून कडी घातली.

प्रोसेसरवर उष्णता ओढणारी पांढरी पेस्ट पसरली. वर पंख्याचा कूलर ठेवून चारही स्क्रू आवळले. वेग ५.१ गिगाहर्ट्झ. व्होल्टेज १.३२. चाचणी सुरू. पंखा घोंघावू लागला.

वीस मिनिटांनी...

पडदा काळा. मशीन बंद.

ताई उठली, वायरी तपासल्या, परत बसायला गेली. खुर्ची जागेवर नव्हती. हातभर डावीकडे होती.

'मीच सरकवली असेल,' ती मनात म्हणाली.

दुसऱ्यांदा बारा मिनिटं. तिसऱ्यांदा चार.

तीनदा आपटी खाल्ली की बोर्ड स्वतःहून सगळी मूळ सेटिंग्ज लावतो. तशी सूचना आली. ताईने बायोस उघडलं. सगळं मूळपदावर आलं होतं. फक्त व्होल्टेज...

१.२७.

हा आकडा मूळचा नव्हता. तिने भरलेलाही नव्हता.

तिने बोर्डावरचा बटणासारखा सेल काढला. सेल काढला की बोर्ड सगळं विसरतो, तारीखसुद्धा. पाच मिनिटं घड्याळाकडे बघत बसली. सेल परत बसवून मशीन सुरू केलं.

तारीख पुसली गेली होती. वेग पुसला गेला होता.

व्होल्टेज १.२७.

पंखा फिरत होता... पण आवाज नव्हता. अजिबात नव्हता.

ताईने मशीन बंद केलं. एकेक स्क्रू काढला, कूलर उचलला. ज्या पेस्टवर स्क्रूंनी आवळलेला कूलर बसला होता, तिथे कोणाचं बोट जाणं शक्यच नव्हतं.

तिथे अंगठा उमटला होता.

अंगठ्याच्या मधोमध आडवी रेघ. भावोजींचा अंगठा एकदा कूलरच्या पात्यावर कापला होता. टाके ताईनेच पुसले होते, रोज, पंधरा दिवस.

माणूस अशा वेळी किंचाळतो. ताई भांडली.

"आठ महिने घरात एकदा आला नाहीस. मी भिंतींशी बोलत होते, तेव्हा कुठे होतास? आणि माझं नाव छापायची वेळ आली तर बरा तडफडत आलास! ऊठ तिथून. माझं काम आहे ते."

काहीच झालं नाही.

फक्त खुर्ची... हळूच... डावीकडे सरकली.

पावणेतीन वाजले होते. ताईने पेस्ट पुसली, नवी लावली, कूलर बसवला. वेग ५.१ भरला. व्होल्टेजपाशी थांबली. १.३२ भरलं तर प्रोसेसर तापून पुन्हा पडणार, हे तिला आता कळून चुकलं होतं. १.२७ ला हात लावला नाही.

पूर्ण दोन तास ती उभी होती. मशीन हूं की चूं न करता चाललं.

पाचला अहवाल गेला. खाली नाव ताईचं, पूर्ण नाव. संपादकांनी आकडे पाहिले आणि खूश झाले.

"वा, वहिनी! अगदी त्याच्यासारखंच केलंत!"

ताई हसली म्हणे. मला सांगतानाही हसली. मग म्हणाली, "सात वर्षं त्याने माझे आकडे घेतले. मी त्याचा एक घेतला. फिटायला हवं होतं ना गं? पण मला एकच कळत नाही. तो मदतीला आला होता, की मला येत नाही हे दाखवायला?"



या गोष्टीला तीन वर्षं झाली. ती खोली आता ताईच्याच ताब्यात आहे. चाकांची खुर्ची तिने कधीच काढून टाकली. आता लोखंडी आहे, चार पायांची, जड. एकटीला उचलवत नाही.

गेल्या महिन्यात मी सहज तिला भेटायला गेले. ताई चहा आणायला बाहेर गेली म्हणून मी टेबलापाशी उभी होते. नजर खाली गेली.

खुर्चीच्या पायांपाशी फरशीवर ओरखडे होते. कितीतरी.

सगळे डावीकडे जाणारे.