चोपन्न किलो

एल्डोरेट ते लोडवार तीनशे पाच किलोमीटर. आमच्या नऊ आसनी विमानाला एक तास पाच मिनिटं लागतात, वारा असला तर दोनचार मिनिटं इकडेतिकडे. विमान चालवतो माझा नवरा किबेत, आणि इंजिन किती तास चाललं ते मीटरवरून वहीत उतरवते मी. आठ वर्षांत माझा आकडा कधी चुकला नव्हता.

मार्चपासून मेळ बसेना. दोन्ही विमानतळांच्या घड्याळांत एक तास पाच मिनिटं, मीटरवर दोन तास. तेही फक्त जाताना. मेकॅनिकनं मीटर बदललं. नवंही तेच सांगू लागलं.

त्याच सुमारास किबेतच्या शर्टाला लाकडाच्या धुराचा वास यायला लागला. मी भोपळ्यात विरजलेलं दूध तो चाटूनपुसून प्यायचा, आता अर्धा पेला तसाच ठेवू लागला. बाहेर पोट भरून आलेला माणूस बायकोला कळतो. वाटेत कुठेतरी एक बाई होती, त्या पंचावन्न मिनिटांत. ती मिनिटं कुठल्याच घड्याळात नव्हती, तरी माझा जळफळाट व्हायचा तो झालाच.

"उद्या मी येते तुझ्याबरोबर," मी म्हणाले.

"लोडवारला काय ठेवलंय? ऊन?"

"तेच बघायला येते."

घड्याळावरची नजर मी हलू दिली नाही. चेरांगानीचे डोंगर मागे पडले, खाली पिवळी वाळू आली. एकदा डोळे चुरचुरले म्हणून चोळले, तेवढंच. उतरलो तेव्हा बरोबर एक तास पाच मिनिटं झाली होती. मला हसूच फुटलं. मग मीटर पाहिलं.

दोन तास. आणि माझ्या नखांत राख होती.

"बरं झालं आलीस," किबेत म्हणाला. फार खुशीत होता.

लहान विमानात बसण्याआधी प्रत्येकाला काट्यावर उभं करतात. परत निघताना वजनवाला लोकवांग चहा पीत होता, म्हणून किबेतनंच त्याचा कागद ओढला आणि न तोलता माझ्या नावापुढे आकडा लिहिला. "घरच्या माणसाला काय तोलायचं?"

मी वाकून पाहिलं. चोपन्न. सकाळी एल्डोरेटच्या काट्यावर मी एकाहत्तर भरले होते.

"ही चोपन्न किलोची कोण रे? कुणाचं वजन पाठ आहे तुला?"

"अगं जेलिमो, तुझंच."

लोकवांग फिदीफिदी हसला. "वहिनी, भांडता कशाला? काटा कुणाची बाजू घेत नाही. चढा."

तावातावानं चढले.

काटा चोपन्नवर थांबला.

लोकवांगनं तो दोनदा शून्यावर आणून पाहिला. तिसऱ्यांदाही चोपन्नच आलं, तेव्हा लोकवांग हसला नाही.

तेव्हापासून मीटर रोज बरोबर आहे. किबेत वेळेवर घरी येतो, पेला निपटून पितो, माझ्याकडे टक लावून बघत बसतो. लग्न नवं होतं तेव्हाही तो असा बघत नव्हता. मला ते सहन होत नाही. तो बघतो कुणाकडे?

माझे सगळे कपडे ढगळ झालेत. परवा त्यानं काही न विचारता माझ्यासाठी एक झगा आणला. मापाला अगदी बरोबर बसला. काखेतली शिवण उसवून पुन्हा घातलेली होती, आणि कापडाला लाकडाच्या धुराचा वास होता.