गच्चीवरचं अंदमान

"विमान नको, बोट नको. अंदमान इथेच करायचं!" राजरत्नने गच्चीवर उभं राहून फर्मान काढलं.

तो तेरा वर्षांचा. बहीण स्वप्ना बारा, धाकटा सोनू दहा. अलीगंजमधल्या त्यांच्या गच्चीवर दुरुस्तीची उरलेली वाळू होती आणि आईचा कपडे भिजवायचा भला मोठा टब. वाळूत टब, टबात पाणी, पाण्यात बर्फ, वर दोन जुन्या छत्र्या. जूनच्या लखनऊत याहून चांगलं बेट कुठे मिळणार?

"और नारियल?" सोनूने विचारलं. घरात मराठी ऐकायचा आणि उत्तरं हिंदीत द्यायचा, अशी त्याची तऱ्हा.

"फ्रीजमधलं खोबरं आण! आणि बर्फाचे सगळे ट्रे!"

हा सगळा थाट श्रुतीच्या नाकावर टिच्चून चालला होता. शेजारची श्रुती परवाच आई-बाबांबरोबर खऱ्या अंदमानला गेली होती. जाण्याआधी आठवडाभर तिने नुसती फुशारकी मारली. "तुमच्या बाबांना नाही जमायचं," असंही वर म्हणाली. ते स्वप्नाला फार लागलं होतं.

टबात बर्फ ओतता ओतता सोनू थबकला. "दीदी, उनका कूलर तो चल रहा है!"

फाटकाला कुलूप, आणि मागच्या खिडकीत कूलर घरघरतोय! तिघे मधल्या भिंतीला चिकटले आणि हळूच डोकावले. पलीकडच्या गच्चीवर चादरी वाळत होत्या. त्यांच्या फटीतून दिसली श्रुती! भर दुपारी, स्टुलावर, तोंड सूर्याकडे करून बसलेली.

"अच्छा! म्हणजे असं आहे," राजरत्न कुजबुजला. "सरकार नोकरांना फिरायला जायचा खर्च देतं ना, एलटीसी? तिचे बाबा, रमाकांतकाका, गेलेच नाहीत. खोटी तिकिटं दाखवणार. आणि ऑफिसात संशय येऊ नये म्हणून पोरीला उन्हात रापवतायत!"

शहाण्या मुलांनी लगेच हाक मारली असती. या तिघांना त्याहून मजेदार काहीतरी सुचलं. स्वप्नाने श्रुतीच्या आईचा नंबर लावला. चादरीमागची श्रुती दचकली आणि तिने मांडीवरचा आईचा फोन कानाला लावला.

"हॅलो श्रुती! समुद्र कसा आहे गं?"

"समुद्र निळाशार आहे. वाळू पांढरीशुभ्र आहे. आम्ही खूप मजा करतोय." पाठ केलेली कविता म्हणावी तशी ती म्हणाली.

"लाटांचा आवाज ऐकव ना!"

श्रुती उठली. धडपडत टाकीपाशी गेली. बादलीत नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला. सोनूने तोंडात शर्ट कोंबला. राजरत्न तर पोट धरून वाळूत लोळला!

"स्वप्ना, ठेवते मी. मला बाबांना फोन करायचाय. दार..."

"बाबा जवळ नाहीत? अंदमानात हरवले की काय!"

"नाही... आहेत."

"मग बोल ना माझ्याशी. फोन ठेवलास तर आम्ही समजू, तू गेलीच नाहीस!"

श्रुतीने फोन ठेवला नाही. स्वप्नाने मासे विचारले, होड्या विचारल्या, जेवायला काय होतं तेही विचारलं. दहा मिनिटं झाली. उत्तरं तुटक होत गेली. मग नुसता नळाचाच आवाज येत राहिला.

"श्रुती? ए श्रुती!"

राजरत्नने डोकावून पाहिलं आणि त्याचं हसू पळालं. श्रुती पालथी पडली होती. तो भिंतीवरून उडी मारून धावला. जिन्याचं दार आतून लावलेलं! त्याने लाथा घातल्या, हाका मारल्या. कुणी आलं नाही. श्रुतीचं अंग तव्यासारखं तापलं होतं.

"स्वप्ना, पाय धर तिचे! सोनू, आईला बोलाव!"

दोघांनी तिला कसंबसं भिंतीवरून घेतलं आणि टबात बसवलं. तोवर आई धावत वर आली. ती सरकारी दवाखान्यात नर्स. "मान पाण्याबाहेर धरा! उरलेला बर्फ ओता!" म्हणत तिने अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला. तिच्यामागून घरमालक माणिकआजोबा धापा टाकत आले.

राजरत्नने सगळ्यांसमोर रमाकांतकाकांचा नंबर लावला, स्पीकरवर.

"काका, श्रुती कुठे आहे?"

"अरे, ही काय माझ्यासमोर!" काकांचा आवाज झोपेतला होता. कूलरच्या वाऱ्यात त्यांना मस्त डोळा लागला होता. "पाण्यात डुंबतेय पोरगी!"

"हो काका, पाण्यातच आहे. आमच्या टबात. बेशुद्ध पडलीय. गच्चीवर येऊन बघा!"

खाली काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग कडी निघाली. बनियनवर काका आले, मागून श्रुतीची आई, लतिकाकाकू, अनवाणीच.

"साहेब, बाहेर कुणाला..." काका आजोबांकडे बघत पुटपुटले.

"लाज नाही वाटत?" आजोबा कडाडले. "उद्या तुमच्या ऑफिसात जायचं आणि सगळं सांगायचं. मी बरोबर येणार!"

अ‍ॅम्ब्युलन्स आली तेव्हा श्रुतीने डोळे उघडले. आजोबा स्वप्नाची पाठ थोपटू लागले.

"शाबास रे पोरांनो! तुम्ही होतात म्हणून ही वाचली. मित्र असावेत तर असे!"

स्वप्ना श्रुतीचं डोकं धरून होती. श्रुतीचे फुटलेले ओठ हलले. ती काय म्हणते ते ऐकायला स्वप्नाने कान जवळ नेला.

"मी नळ सोडला ना," श्रुती म्हणाली, "तेव्हा तुम्ही हसत होतात. मला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं."

आजोबा अजून स्वप्नाची पाठ थोपटत होते.