हाताच्या आधी

वेगाने वाजवायचं असेल तर गिटारचं पिक, म्हणजे तारा छेडायची ती बोटांत धरायची चकती, जाड घ्यावं, हे ऐकून लोकांना नवल वाटतं. त्यांना वाटतं, पातळ म्हणजे चपळ. पण पातळ पिक तारेवर वाकतं, आणि परत सरळ व्हायला त्याला जो निमिषभर लागतो तेवढ्यात पुढचा सूर हुकतो. जाड पिक वाकत नाही. ते लहान असावं, टोकदार असावं आणि अंगठ्याबाहेर त्याचं टोक जेमतेम दिसावं. शिकवणीला येणाऱ्यांना हे मी इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतून उठवलं तरी घडाघडा म्हणेन. स्वतः मात्र वर्षानुवर्षं मध्यम जाडीचं, गोलसर टोकाचं पिकच वापरत आले. त्याच्यावर माझं बरं चाललं होतं, त्यामुळे त्याला नावं ठेवायचं काही कारण नव्हतं.

कारण मिळालं ते एका चित्रपटाच्या पार्श्वसंगीतात. पाठलागाचा प्रसंग होता आणि त्याच्याखाली गिटारची एक लांबलचक, सुसाट धावणारी तान. संगीतकार माझ्यापेक्षा बराच लहान, वागायला गोड. त्याने ती जागा संगणकावर बसवली होती, आणि संगणकाला मनगट नसतं. पहिल्या दिवशी मी वाजवायला बसले आणि अर्ध्यातच माझा उजवा हात लाकूड झाला. पुन्हा वाजवलं, पुन्हा तिथेच अडकले.

“काही हरकत नाही ताई,” संगीतकार म्हणाला. “आठवडाअखेरपर्यंत बघू. नाहीतर मशीनवरचंच ठेवू, काय?”

त्या ‘काय’चा अर्थ मला कळत होता. आमच्या धंद्यात एका स्टुडिओत तुमच्या जागी मशीन वाजलं की दुसऱ्या स्टुडिओला ते कळायला वेळ लागत नाही. आणि खरं सांगायचं तर मला मशीनची भीती नव्हती, हाताची होती. काही महिन्यांपासून तो माझं ऐकेनासा झाला होता. ब्लाउजचं हुक लावताना बोटं उगाच चाचपडायची, कुलपात किल्ली सरळ जायची नाही. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि “काहीही निघालं नाही” असं हसून सांगितलं. मला हसू आलं नाही. काही निघालं असतं तर निदान त्याला नाव तरी देता आलं असतं.

म्हणून मी वाद्यांच्या दुकानात गेले. दुकानातल्या बाई मला चांगल्या ओळखतात. त्यांनी काउंटरवर हिरवं कापड पसरलं आणि पिकचे खोके उघडले. मी एकेक घेऊन तीच तान वाजवून बघत होते. काही पिकं घामाने निसटत होती, काही तारेला खरवडत होती, आणि एकाचा आवाज तर फणीच्या दातांवरून नख फिरवावं तसा येत होता. बाई न कंटाळता पुढचं काढून देत होत्या. शेवटी काळं, बोटाच्या पेराएवढं, चांगलं जाड आणि टोकाला निमुळतं होत गेलेलं एक हातात आलं.

तान अडखळली नाही. शेवटपर्यंत गेली. दुकानात दुसरं गिऱ्हाईक होतं, तेही वळून बघायला लागलं.

“हे घेऊन जा,” बाई म्हणाल्या. “हे नेलेली माणसं पुन्हा दुसरं मागायला येत नाहीत.”

“हरवतं की. पिक कुणाचं हरवत नाही?”

“नाही बाई. आलंच नाही कुणी,” त्या म्हणाल्या आणि बाकीची पिकं खोक्यात भरायला लागल्या.

हरवायची भीती म्हणून त्याच खोक्यातली आणखी दोन घेतली. दिसायला तिन्ही सारखीच, एकाच साच्यातून निघालेली. घरी येऊन बघते तर त्या दोन्हींनी वाजवताना माझा हात पुन्हा तिथेच अडकला. पहिल्याने अडकला नाही. मी मनाशी म्हटलं, कुठेतरी टोकाला कणभर फरक असेल, डोळ्यांना दिसत नसेल.

माझा नवरा चष्म्यांच्या दुकानात लोकांचे नंबर काढतो. ‘हे बरं दिसतं की ते’ हा प्रश्न त्याच्या तोंडात इतका बसलाय की भाजी घेतानाही तो मला तसंच विचारतो. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याला सरावाचं चित्रीकरण करायला सांगितलं, मनगट कुठे ताठतं ते बघायला. त्याने ते फोनवर दोन-तीनदा बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“अगं, हे जुळत नाहीये. आवाज आधी येतोय.”

“फोन जुना झालाय तुझा.”

“थांब.” त्याने मला टाळ्या वाजवायला लावल्या. टाळी आणि आवाज बरोबर जुळले. जुन्या पिकने वाजवायला लावलं, तेही जुळलं. मग पुन्हा काळं पिक. पडद्यावर माझा हात तारेच्या वरच होता आणि सूर वाजून गेला होता.

फार नाही, अगदी किंचित. पण त्याच्या डोळ्यांतून किंचितही सुटत नाही.

“हे दुसरं कुणी वाजवतंय का?” तो म्हणाला. विनोद करायला गेला, पण त्याचा त्यालाच तो आवडला नाही. फोन उलटा ठेवून तो आत निघून गेला. मी तिथेच बसून राहिले. मला विचारायला हवं होतं, शोधायला हवं होतं. पण तान शेवटपर्यंत जात होती हो! कित्येक महिन्यांनी माझ्या हातातून काहीतरी मनासारखं निघत होतं. मी ते पिक पाकिटात घातलं आणि तोंड मिटून घेतलं.

स्टुडिओतल्या ध्वनिमुद्रकाला आम्ही सगळे कानसेन म्हणतो. बंद दाराआड कुणाचं घड्याळ टिकटिकतंय तेही त्याला ऐकू येतं, आणि बायकोने हाक मारलेली ऐकू येत नाही, असं त्याची बायकोच सांगते. मी काचेच्या अलीकडे, तो पलीकडे. हेडफोनमध्ये ठेका सुरू झाला आणि मी वाजवलं.

“स्वच्छ,” तो म्हणाला. “पण पुढे पळतेस. ठेक्याच्या आधी येतेस.”

“मी ठेक्यावरच वाजवलंय.”

“दिसतंय ना इथे. घाबरल्यासारखी पळतेस. असू दे, एकसारखीच पळतेस ना, मी ओढून मागे घेतो.”

हे आमच्याकडे रोजचंच. वादक पुढेमागे झाला की त्याचा आवाज पडद्यावर धरून सरकवायचा आणि ठेक्यावर बसवायचा. पुढच्या खेपेला त्याला आणखी ओढावं लागलं. मग आणखी. त्याने वायर बदलली, मशीन बंद करून पुन्हा लावलं.

“वायर खराब असली तर आवाज उशिरा येतो,” तो स्वतःशीच पुटपुटला. “आधी कसा येईल?”

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. त्याने पुन्हा आवाज ओढला, ठेक्यावर बसवला, आणि त्या सुरांची जागा अशी झकास जुळून आली की त्याने लगेच पुढची खेप लावली. चूक होती ती हीच. एकाने ओढायचं आणि दुसरीने ओढू द्यायचं. आम्हाला ते दुरुस्तीचं काम वाटत होतं; प्रत्येक ओढीसरशी आवाज आणखी पुढे पळत होता.

आठवडाअखेर आली. संगीतकार बाहेरच्या खोलीत फोनवर बोलत बसला होता. कानसेनने लाल दिवा लावला. मी गिटार मांडीवर घेतली, पिक धरलं, तळहात मांडीवर टेकवून घाम पुसला.

हेडफोनमध्ये तान सुरू झाली.

मला वाटलं, आधीचं काहीतरी ऐकवतोय. मी हात वर केला, थांब म्हणून. काचेपलीकडे तो पडद्यात डोळे घालून बसला होता.

तान पुढे गेली. ज्या वळणावर मी अडकायचे ते वळण घेतलं. एकेक सूर सुटा, टोकदार, मोत्यासारखा. मी अशी आजवर कधी वाजवू शकले नव्हते.

माझा हात हवेत होता.

खाली बघितलं. तारा हलत होत्या.

शेवटचा सूर वाजला आणि विरला. कानसेनने मान वर करून अंगठा दाखवला. त्याचा चेहरा फुलला होता.

“झालं! हेच! ये, ऐकायला ये.”

मी आत गेले. भीती होतीच, पण सांगू काय? आतून एक हलकट आनंदही होत होता. जागा माझी राहिली होती. मशीन नको होतं. त्याने तान ऐकवली. ती संपल्यावर नेहमीप्रमाणे शेपूट कापायला हात पुढे केला. शेवटच्या सुरानंतरची शांतता, खुर्चीची करकर, वादकाचा सुस्कारा, याला आम्ही शेपूट म्हणतो.

त्याचा हात मध्येच थांबला.

“दार वाजलं,” तो म्हणाला. “ह्यात. ऐकलंस?”

स्पीकरमधून दार उघडल्याचा आवाज आला होता. मग संगीतकाराचा आवाज: “वा ताई! हेच हवं होतं मला.”

“तो तर आत आलाच नाही,” कानसेन म्हणाला.

आणि मागचं दार उघडलं. संगीतकार फोन खिशात घालत आत आला.

“वा ताई! हेच हवं होतं मला.”

आम्ही दोघं स्पीकरकडेच बघत होतो. तो आनंदात होता, त्याला ते जाणवलंही नाही. पुढच्या कामाचं बोलू म्हणाला, त्यात अशाच दोन जागा आहेत म्हणाला, आणि पुन्हा फोन वाजला तसा बाहेर गेला.

शेपूट अजून चालू होतं. नुसती शांतता. पण कानसेन पुढे वाकला.

“ही माझी खोली नाही.”

“म्हणजे?”

“इथे खाली गालिचा आहे, भिंतींना कापूस आहे. ही खोली मोकळी आहे. खाली फरशी आहे. आणि नळ ठिबकतोय.”

मग एक बारीक आवाज आला. टिक्. थोडं घरंगळून दुसरा. आमच्यापैकी कुणालाही ओळखता येईल असा. पिक फरशीवर पडल्याचा.

त्यानंतर माझ्या नवऱ्याचा आवाज, लांबून, आतल्या खोलीतून यावा तसा, अगदी रोजच्यासारखा: “काय पडलं गं?”

आणि मग माझा. मी माझा आवाज आयुष्यभर ऐकत आलेय, तरी तो तसा कधी ऐकला नव्हता. लहान मुलीसारखा झाला होता.

“उचलता येत नाहीये. अरे, हात... उचलताच येत नाहीये.”

पडद्यावरची आवाजाची रेघ सपाट झाली. कानसेनने ते सगळं पुसलं. मला न विचारता पुसलं, आणि बरं केलं. मी निघाले तेव्हा त्याने जिन्यापर्यंत येऊन नुसतं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

पिक माझ्या मुठीत होतं. फेकून द्यावं असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं, नाल्यात टाकावं, कुंडीत पुरावं. पण कशीही सोडली तरी वस्तू हातातून सुटणारच. ते सुटलं की पुढे काय आहे ते मी ऐकलंय. सुटलं नाही तर पुढचंही येणार नाही, असा साधा हिशोब मी केला. घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने वेड्यात काढलं नाही. स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करून घेतला, फरशीवर घरातले सगळे गालिचे, चादरी, जुनी ब्लँकेटं अंथरली, आणि माझ्या मुठीवर पट्टी गुंडाळून दिली. रोज संध्याकाळी तो तिच्यावरून हात फिरवतो आणि विचारतो, “घट्ट आहे की सैल करू?” मी म्हणते, घट्ट आहे, राहू दे.

संगीतकाराचे फोन येतात. मी अजून हो म्हणालेली नाही, नाहीही म्हणालेली नाही. डाव्या हाताने कुलूप उघडायला जमू लागलंय.

पहिले काही दिवस पिकचं टोक तळव्याला टोचत असायचं. दुखायचं, पण जिवाला बरं वाटायचं. काल ते टोचायचं थांबलं. पट्टी जशीच्या तशी आहे, मूठही मिटलेली दिसते. आत पिक आहे की नाही ते बघायला मूठ उघडावी लागेल. सकाळपासून मी ती उघडायचा प्रयत्न करते आहे.