उसनी चाकं

"तुमच्या गाडीची मागची डावी काच अर्ध्यावर अडकते ना?"

मी वळून पाहिलं. आरटीओच्या पासिंगच्या मैदानावर, डिसेंबरच्या कोवळ्या उन्हात, एक माणूस ओल्या हरभऱ्याची जुडी हातात धरून घाटे सोलत उभा होता. ओळख ना पाळख.

"तुम्हाला कसं माहीत?"

"सकाळी सेल्फ मारला की पहिल्यांदा नुसती खोकते, दुसऱ्यांदा चालू होते. अन हँडब्रेक पार वरपर्यंत ओढावा लागते."

आता मात्र माझं डोकं सटकलं. पंधरा वर्षांची असली म्हणून काय झालं, गाडी माझी होती. तिच्या दुखण्याखुपण्याचा पाढा परक्या माणसानं चारचौघांत वाचायचा म्हणजे काय?

"तुम्ही माझ्या गाडीत कधी बसला होता का?"

"नाही जी. हिची बहीण आहे माझ्या घरी. हेच मॉडेल, हेच साल, फक्त रंग निळा. एकाच माळेचे मणी." त्यानं मूठभर घाटे माझ्यापुढे धरले. "पुढच्या आठवड्यात तिची पासिंग आहे, म्हणून आज पाहायले आलो... काय काय विचारतात ते."

घाटे घ्यायचे नव्हते. घेतले.

मला त्या दिवशी गप्पा सुचत नव्हत्या. बुटीबोरीच्या एका कापड कारखान्याच्या लॅबमध्ये मी नुकतीच लागले होते. कंपनीची बस आमच्या मनीषनगरात येत नव्हती, आणि बाबांनी एकच अट घातली होती. गाडी पास झाली तर खुशाल जा, नाही झाली तर नोकरी सोड आणि मामाच्या सीताबर्डीच्या दुकानात बस. म्हणजे जन्मभर साड्यांच्या घड्या घालायच्या.

आरटीओच्या साहेबांनी दिवे पाहिले, हॉर्न वाजवला, वायपर फिरवले, ब्रेक दाबून पाहिले. सगळं ठीक. मग खाली वाकून टायरवरून अंगठा फिरवला.

"हे टायर आहेत की टक्कल? बदला आणि मग आणा, बाई."

झालं. मी गाडीला टेकून उभी राहिले, डोळे भरून आले. तो घाटेवाला जवळ आला. जरा घुटमळला...

"माझे घेऊन जा."

"काय?"

"टायर. तीन महिने झाले नवे टाकून. माप एकच आहे. तुमची पासिंग झाली की आणून द्या."

"आणि तुमची गाडी?"

"ती कुठं पळून चालली?"

त्याचं नाव धम्मानंद. त्याच संध्याकाळी नंदनवनला, त्याच्या घरासमोर, चाकांची अदलाबदल झाली. जॅकवर लाकडाचा ठोकळा ठेवून तो एकेक चाक काढत होता, माझी टक्कल चाकं निळीला लावत होता. मी टॉर्च धरून उभी.

"टॉर्च चाकावर धरा."

"चाकावरच तर आहे."

"नाही..." तो डोळे मिचकावत म्हणाला, "केव्हाची माझ्या तोंडावर आहे."

मी टॉर्च खाली केली. बरं झालं, अंधारात माझं तोंड त्याला दिसलं नाही.

माझी गाडी पास झाली. मी फोन केला, "टायर आणून देते." तो म्हणाला, "राहू द्या, घाई नाही." पुढच्या खेपेला त्याच्याकडे पाहुणे आले होते. त्याच्या पुढच्या खेपेला त्याला सर्दी झाली. आमचं टायरांचं बोलणं दोन मिनिटांत संपायचं, बाकीचं तासभर चालायचं. पण माणूस उसनं दिलेलं लिंबूसुद्धा परत मागतो हो, हा चार टायर विसरून बसला? माझा जीव काही राहीना. माझ्या एका सुट्टीच्या दिवशी, न सांगता, गाडी घेऊन मी नंदनवन गाठलं.

दार त्याच्या आईनं, सुभद्राकाकूंनी उघडलं.

"जय भीम, काकू."

"जय भीम. तूच का वं, लाल गाडीवाली? बस. तो कामावरून येतच असन."

अंगणात निळी गाडी ताडपत्रीखाली उभी होती. काकू चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "उद्या भंगारवाला येऊन राहिला इले न्यायले."

"काहून?"

"पासिंगची तारीख गेली न. असल्या टायरवर कोण पास करन? मी म्हटलं, त्या पोरीले टायर माग. तर म्हणते कसा, आई, ते टायर नोकरीवर लागले." काकूंनी पदरानं हात पुसले. "याच गाडीवर शिकला तो. रोज पुसते, तिच्याशी बोलते बी. अन आता पाहा."

मी चहा न घेताच उठले. तेवढ्यात तो आला, खांद्यावर बॅग. मला पाहून दारातच थबकला.

"गाडी भंगारात चालली तुमची, अन मले सांगितलं काहून नाही?" रागावले की माझी प्रमाणभाषा आधी पळते.

"मले कुठं गरज आहे तिची? ऑफिस मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनजवळ आहे."

"मग त्या दिवशी मैदानावर हरभरे खायले आला होता?"

त्यानं खांद्यावरची बॅग खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, "तुझे टायर मी हातानं काढले, मोनाली. मी माझे मागितले असते तर तू लगेच दिले असते. अन त्याच टक्कल टायरवर रोज वर्धा रोडच्या ट्रकांमधून गेली असती... मले झोप लागली असती का वं?"

तो पहिल्यांदाच मला 'तू' म्हणाला होता. मला तो आवडत होता, खूप आवडत होता. टायरांचं निमित्त करून मी फोन करत होते आणि स्वतःलाच फसवत होते, हे त्या क्षणी मला कळलं. पण माझा स्वभाव मेला असा, की कबूल करायचं सोडून मी डिकीतून जॅक काढला.

"मले दान नको. आत्ताच्या आत्ता तुमची चाकं घ्या."

रागाच्या भरात ठोकळा ठेवायचं राहिलं. दोन फेरे दिले, आणि चर्रकन आवाज आला. लाल गाडी उचललीच गेली नाही. जॅक पत्र्यात शिरला. तांबूस गंजाचा भुगा माझ्या चपलांवर पडला. खालून काळं डांबर फासलेलं होतं म्हणून आजवर कोणाला दिसलं नव्हतं, पण आत पत्रा पापडासारखा झाला होता.

धम्मानंदचा चेहरा उतरला. "अन यात तू रोज जात होतीस..." तो तसाच खाली बसला.

मग मी पाना घेतला आणि निळी गाडी खालून ठोकून पाहिली. सगळीकडे ठणठणीत.

"भंगारवाल्याला येऊ द्या उद्या," मी म्हटलं. "पण लाल गाडी न्यायला."

"अगं, ती पास झालेली आहे!"

"तुमचे टायर पास झाले होते. गाडी नाही."

"मग तू कामावर कशी जाशील?"

"हिला तुमची चाकं लावू, दंड भरू, पासिंग करू. हिच्यातच जाईन. तुम्ही जा मेट्रोनं."

"पण... गाडी माझ्या नावावर आहे."

"राहू द्या."

"तुझे बाबा विचारतील न, कोणाची म्हणून. काय सांगशील?"

"काय सांगायचं ते माझं मी पाहीन." मी त्याच्याकडे सरळ बघत म्हटलं. तो कानापर्यंत लाल झाला. आत कपबश्यांचा आवाज केव्हाच थांबला होता. काकू कान देऊन ऐकत असणार.

निळी गाडी पहिल्याच खेपेला पास झाली. मैदानावरून मी ती थेट मनीषनगरात आणली आणि दारासमोर लावली. शेजारच्या सीटवर धम्मानंद, पट्टा बांधलेला, हातात पासिंगचा कागद.

बाबा बाहेर आले. कागद घेऊन नीट वाचला.

"पास आहे. बरं झालं," ते म्हणाले. "जा आता बुटीबोरीले खुशाल. पण ही निळी गाडी कोणाची वं?"

"सासरची," मी म्हटलं.

बाबांनी कागदाची घडी घातली. मग वाकून त्यांनी खिडकीतून आत पाहिलं.

"उतरा मग खाली," ते धम्मानंदला म्हणाले. "असं गाडीत बसून थोडीच बोलतात."