चौथी बाजू

बत्तीस वर्षं मी तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली. दाभणाने फायली शिवायच्या, क्रमांक घालायचे आणि मागितली की फाईल बराबर काढून द्यायची. एकदा दाभण डाव्या हाताच्या पहिल्या बोटाच्या नखातून आरपार गेलं. ते नख अजूनही मधोमध दुभंगलेलंच उगवतं. निवृत्त झाल्यावर झोप गेली, रक्तदाब वाढला. डॉक्टर म्हणाले, "मन रमेल असं काहीतरी करा, बाई."

हिंगोलीतलं आमचं घर नव्या वसाहतीत आहे. तीन खोल्या, गच्ची, समोर कडुनिंब. मुलगा विजयकुमार आणि सून जाई दोघंही नोकरीवर जातात. दुपारी घरात मी आणि सकाळच्या शाळेतून आलेली नात आरोही. वय वर्षं नऊ. मोबाईल तिनेच शिकवला.

"आजी, तुला काय करायला आवडतं ते बोल. तो शोधून देतो."

"वाकळ," मी म्हणाले.

"गोधडी म्हण गं. त्याला कळायचं न्हाई तुझं."

पण त्याला कळलं. चार-पाच रंगीबेरंगी व्हिडिओ आले. त्यांच्याखाली एक साधा होता. नाव नाही, बोलणं नाही, गाणं नाही. जमिनीवर पसरलेली वाकळ आणि टाके घालणारा एक उजवा हात. डावा हात कापडाखाली. खिडकीतून पडलेलं ऊन चौकटीच्या आकाराचं. टाका ओढल्याचा बारीक आवाज तेवढा यायचा. मी पाहत राहिले आणि बसल्या जागी मला डुलकी लागली. कित्येक महिन्यांनी.

मग तो नेमच झाला. रोज अडीचच्या सुमाराला नवा व्हिडिओ यायचा. शिंप्याकडून तुकडे आणले, आणि तो हात जसा शिवेल तशी मी शिवू लागले. कडेपासून सुरुवात, फेर धरत मध्याकडे. माझ्या डोळ्यांना सुईचं नाक दिसत नाही. आरोही शाळेतून आली की सहा सुया ओवून सुयांच्या छोट्या उशीत टोचून ठेवायची.

"एका सुईचा एक पेरू," ती म्हणायची.

"सहा पेरू खाल्लेस तर पोट दुखेल."

"मग चिंचा चालतील."

मी रात्री गाढ झोपू लागले. विजय गमतीने म्हणाला, "आई, तुझा हा कलाकार गरीब दिसतोय. बघणारं माणूस एकच लिहिलंय खाली. तू."

अकराव्या दिवशी त्या हाताने एक निळा तुकडा लावला. फिकट निळा, त्यावर पांढऱ्या बारीक रेघा, एका कोपऱ्यात शाईचा डाग. माझा धाकटा भाऊ गोपाळ, त्याचा शाळेचा सदरा. डाग माझ्याच दौतीचा होता. गोपाळ काविळीने गेला तेव्हा नऊ वर्षांचा होता.

हिंगोली जिल्ह्यातल्याच गोरेगावच्या आमच्या माहेरघराची एक रीत होती. घरातलं माणूस गेलं की तिसऱ्या दिवशी त्याच्या अंगावरच्या कापडाचा तळहाताएवढा चौकोन घरच्या वाकळीत लावायचा. तीन बाजू शिवायच्या. चौथी उघडी ठेवायची. ती तेराव्याला, जेवणं उरकल्यावर शिवून टाकायची, म्हणजे गेलेलं माणूस मोकळं होतं. जित्या माणसाचं कापड त्या वाकळीत कधी घालायचं नाही, एवढं एक बंधन.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओत बाबांच्या धोतराची किनार आली. तिसऱ्या दिवशी आईचं जांभळं इरकल. मी डोंगरकडा गावी राहणाऱ्या थोरल्या बहिणीला, द्वारकाबाईला, फोन लावला.

"काहून गं गंगे, एवढ्या दुपारची?"

"अक्का, घरची वाकळ कुठंय?"

"कुठं असंल? आईच्या अंगावर म्या सोता घातली. तिच्यासंग जळाली ती."

"नक्की?"

"व्हय. डोळ्यानं पाह्यलं. तू बी होतीस की. तुला आता कचेरीतल्या फायली तेवढ्या याद राह्यल्या का?"

मी होते. मलाही आठवत होतं. आणि आईचा चौकोन त्या वाकळीत कधीच लागला नव्हता, कारण वाकळ तिच्याबरोबरच गेली होती. हे मी अक्काला बोलले नाही.

आता व्हिडिओतल्या वाकळीच्या मध्यावर एकच जागा उरली होती. तळहाताएवढी.

सोमवारी त्या हाताने कापड आणलं. पिवळं, त्यावर बारके तांबडे हत्ती. मी मान वर केली. समोर आरोही पालथी पडून चित्र रंगवत होती. अंगात तोच फ्रॉक होता.

रात्री विजयला दाखवलं. त्याने दोनदा पाहिलं.

"आई, असं कापड काय एकट्या आरोहीसाठी छापलंय? गावभर असेल."

"आणि गोपाळचा डाग?"

"डाग कुणाच्याही कपड्यावर पडतो." तो हळूच म्हणाला, "तू औषध घेतलंस ना आज?"

त्याचं काही चुकत नव्हतं. त्याच्या जागी मीही हेच विचारलं असतं.

फ्रॉक मी लोखंडी कपाटात ठेवला, कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला लावली. मग माझ्या अंगावरच्या चॉकलेटी लुगड्याच्या पदराचा चौकोन कापला आणि माझ्या वाकळीच्या मध्यावर लावला. चारही बाजू पक्क्या शिवल्या. जित्या माणसाचं कापड होतं. बंधन मोडत होते. पण एक नाव द्यायचंच असेल तर ते माझं जावं.

दुसऱ्या दिवशी अडीच वाजता व्हिडिओ उघडला. तो हात चॉकलेटी तुकडा उसवत होता. घाई नव्हती. एकेक टाका कातरत होता. तुकडा सुटला तेव्हा तो नीट धरायला डावा हात कापडाखालून बाहेर आला.

पहिल्या बोटाचं नख मधोमध दुभंगलेलं होतं.

मी मोबाईल पालथा घातला. मांडीवर माझी वाकळ होती. तिच्या मध्यावर पिवळा चौकोन, तीन बाजूंनी शिवलेला. कपाटाचं दार उघडं, किल्ली त्यातच. फ्रॉकच्या घेराला चौकोनी भोक.

"आरोही, हे कुणी कापलं?"

"तूच की, आजी. आत्ता, मोबाईल बघत बघत." तिने रंगवणं थांबवलं नाही. "मी नको म्हणाले. तू ऐकलंच न्हाईस."

मी तुकडा उसवला. दुसऱ्या दुपारी तो परत जागेवर होता. पुन्हा उसवला. पुन्हा होता.

अक्काला फोन केला. या वेळी सगळं सांगितलं.

"जाळून टाकू?" मी विचारलं.

"येडी का तू? त्यात लेकराचं कापड हाय. ती वाकळ कशासंग जळते, म्हाईत न्हाई का तुला?"

मला माहीत होतं.

मोबाईल विजयकडे दिला. कात्री शेजारच्या जनकाबाईकडे ठेवायला दिली. घरातल्या सगळ्या सुया, सेफ्टी पिनासुद्धा, डब्यात भरून कयाधू नदीच्या पुलावरून खाली टाकल्या. चौथी बाजू उघडी आहे तोवर ठीक आहे, असं मी स्वतःला सांगते. आरोही शाळेत जाते, येते, पेरू खाते. काल तिला थोडी कणकण होती. जाई म्हणाली, ऊन लागलं असेल.

आज जेवण झालं आणि मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. घड्याळात दोन पंचवीस झाले होते. आरोही आतून आली. अंगावर चादर ओढलेली, डोळे किंचित पिवळसर. माझ्याशेजारी बसली आणि उशी पुढे सरकवली.

"घे, आजी. ओवून ठेवली."

उशीत एकच सुई होती.

"ही कुठून आणलीस?"

"शाळेतनं. तूच मागितलीस ना सकाळी." तिने डोकं माझ्या मांडीवर टेकलं. "पेरू नको मला. लवकर शिव, आजी. उघड्या बाजूनं थंडी वाजून राहिली."