तासाभराचं अंतर

ही भवानी पेठेतल्या मृत्युंजयची गोष्ट. थाप वाटत असेल तर पोरांनो, उद्या त्यालाच विचारा. फक्त त्याच्या भावाचं नाव काढू नका, अंगावर धावून येतो.

गेल्या पौषातली अमावास्या, रविवार. रात्री नवाच्या सुमाराला मृत्युंजय आईचं औषध आणायला सात रस्त्याच्या चौकात गेला होता. आई, काशम्मा, सहा महिने अंथरुणाला खिळलेली. तिचा एकच धोशा, "नंदीश आला का?" थोरला नंदीश मुंबईला. दर फोनला त्याचं ठरलेलं, "आता काय लांब ऱ्हायलंय मृत्या? चारशे किलोमीटर. विमानानं तासाभराचं काम." पण तो एक तास काही त्याला सहा महिन्यांत मिळाला नाही.

मृत्युंजय औषध घेऊन परतला तेव्हा काशम्मा गेली होती.

लिंगायतांत मेलेल्या माणसाला निजवत नाहीत. आंघोळ घालून, नवं लुगडं नेसवून, भिंतीला टेकवून बसवतात आणि तसंच बसलेलं पुरतात. काशम्मालाही बसवलं, दाराकडं तोंड करून. चुलते वीरभद्रप्पा म्हणाले, "सकाळी उचलायचं. जास्त थांबता येत न्हाय."

नंदीशला कळवलं होतंच. तेवढ्यात त्याचा फोन. "उद्या विमान न्हाय. परवाचं तिकीट काढतो. तोवर अव्वाला ठेव."

"गाडी काढ की अण्णा! आत्ता निघालास तर उजाडता पोचशील."

"आठ तास गाडीत? माझी कंबर..."

मृत्युंजयचं डोकंच फिरलं. तासाभराच्या विमानासाठी आईला दोन दिवस भिंतीला बांधून ठेवायची? त्यानं फोन थेट मेलेल्या आईच्या कानाला लावला. "घे! तुझ्या तोंडानं सांग तिला!"

वीरभद्रप्पा ओरडले. मेलेल्याच्या कानात कुणी असं बोलतं का? पण तोवर नंदीश बोलून गेला होता, "अव्वा, परवा येतो."

मयतापुढं चाललेलं भजन थांबलं. माणसं जागच्या जागी पेंगायला लागली. तासाभरानं पुन्हा फोन वाजला. नंदीशच होता.

"मृत्या... अव्वा कुटं हाय?"

"ही काय, समोर."

"नीट बघ."

मृत्युंजयनं बघितलं. बसली होती. डोळे मिटलेले.

"हाय की."

"मग... हितं कोण बसलंय?"

"अण्णा?"

"माझ्या खुर्चीत... लुगडं नवं हाय..."

"काय म्हणती?"

"काय न्हाय... बघतीया नुसती."

दुसरा असता तर बोबडी वळली असती. मृत्युंजय उलट पेटला. "मग ऊठ की! निघ!"

फोन बंद झाला.

उजाडताना नंदीश आला, गाडीनंच. अनवाणी. मृत्युंजय त्याच्या थोबाडीत द्यायला धावला. हात उगारला... आणि तसाच राहिला.

नंदीशच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे होते. मधला अर्धाच. काशम्माचं मधलं बोट वाकडं होतं. दोघं भाऊ कपाळावर असलेच पट्टे घेऊन शाळेत गेले होते.

"कुणी लावलं?"

"काय?" नंदीशला पत्ताच नव्हता.

मृत्युंजय आईकडं वळला. सगळ्या माणसांदेखत ओरडला, "सहा महिने तुझं हगणं-मुतणं मी काढलं! आणि कपाळावर हात फिरवायला त्याच्याकडं गेलीस? मी हितंच बसलो होतो की, अव्वा!"

काशम्मा बसलेली. डोळे मिटलेले.

नंदीशनं हळूच कपाळाला हात लावला. बोटं पांढरी झाली. विभूती अजून ओली होती.