नवखीचा प्रश्न, फौजदाराचं उत्तर

त्यांची ओळख झाली ती भांडणानं. म्हणजे भांडला तो. ती नुसती वाचत बसली.

"एका मेलमध्ये तीन प्रश्न. विषयाच्या जागी नुसतं 'तातडीचे!!!'. पडद्यावर काय दिसतं ते लिहायचं सोडून पडद्याचा फोटो, तोही तिरका. आणि हे सगळं लेबलं छापण्याच्या जुन्या चर्चेला उत्तर म्हणून! आता लेबलं शोधणाऱ्याला हे सापडणार, आणि हे शोधणाऱ्याला लेबलं."

खाली एक ओळ मोकळी सोडून लिहिलं होतं: "काका, तब्येत बरी आहे ना? तुम्ही असं कधी लिहीत नाही, म्हणून विचारतो. – फौजदार."

ती त्या शेवटच्या ओळीकडे बघत राहिली.

काका म्हणजे तिचे वडील. एका लहानशा वाचनालयाचे एकतीस वर्षं ग्रंथपाल. अकरा हजार पुस्तकांची सूची त्यांनी एका फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमवर केली होती. तो वापरणाऱ्यांची एक मेलिंग लिस्ट होती. एकानं अडचण लिहिली की ती चारशे जणांना जायची, आणि ज्याला ठाऊक असेल तो उत्तर द्यायचा. वडील तिथं बारा वर्षं होते. म्हातारे-तरुण सगळे त्यांना काकाच म्हणत.

ते जाऊन सव्वीस दिवस झाले होते.

ती छापखान्यात मुद्रितशोधक होती. संध्याकाळी दोन तास वाचनालय उघडायचं काम तिनं आपणहून अंगावर घेतलं होतं. तिथला संगणक कुणीतरी नवा करून दिला आणि सूचीतली सगळी अक्षरं गेली. प्रत्येक पुस्तकाच्या नावाच्या जागी चौकोनांची रांग. घाबरून तिनं वडिलांचं मेल खातं उघडलं, समोर दिसली ती त्यांची शेवटची मेल धरली, 'उत्तर द्या' दाबलं, आणि जे सुचेल ते लिहून पाठवलं.

आता खरं तर दोन शब्द लिहायचे होते. ते गेले. हे दोन शब्द तिनं फोन कंपनीला सांगितले होते, पेन्शन कचेरीत सांगितले होते, चष्मेवाल्याला सांगितले होते. डोळ्यांत पाणी न येता. पण त्यांची तब्येत इतक्या काळजीनं विचारणाऱ्याला ते सांगायला तिचा हात उठेना.

तिनं लिहिलं, "बरी आहे. माफ करा." आणि पाठवून दिलं.

"काय लिहिलंस?" आत्यानं विचारलं. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. भाऊ गेल्यापासून भाचीजवळच राहत होती.

तिनं सांगितलं.

"अगं माझे आई! खोटं बोलावं, पण पचेल एवढं."

"एकच ओळ तर लिहिली, आत्या."

"एका ओळीनं लग्नं ठरतात नि मोडतात. उद्या खरं काय ते लिहून टाक."

तो उद्या काही आला नाही. कारण जगात एक जागा अशी झाली होती, जिथं बाबांची तब्येत बरी होती.

फौजदारानं भांडणाच्या त्या मेलमध्ये असंही सांगितलं होतं, विचारण्याआधी लिस्टवरच्या मेलचा जुना संग्रह शोधा. ती शोधायला बसली आणि बाबाच सापडत गेले. बारा वर्षांच्या त्यांच्या मेल. नव्या माणसाला त्यांनी लिहिलं होतं, "विषय असा लिहा, की ज्याला उत्तर येतं त्याला मेल उघडावीशी वाटेल आणि ज्याला येत नाही त्याचा वेळ वाचेल." कुणा रागावलेल्याला, "उत्तर लिहून ठेवा, जेवून या, मग पाठवा." आणि आठ वर्षांपूर्वी, लिफ्टच्या सुट्या भागांची यादी पुस्तकांच्या प्रोग्रॅममध्ये कशी बसवायची असं तावातावानं, सोळा उद्गारचिन्हं घालून विचारणाऱ्या एका पोराला सगळे हसले, तेव्हा बाबांनी तीन दिवस त्याचं डोकं थंड करत त्याला सगळं शिकवलं होतं. त्या पोराच्या सहीत नाव होतं: फौजदार.

तिला हसू आलं. खूप दिवसांनी.

पण अडचण वेगळीच होती. काका बारा वर्षांचे जाणते. त्यांच्या नावानं बाळबोध प्रश्न विचारायचे कसे? म्हणून तिनं दुसरा पत्ता उघडला आणि सही केली, 'नवखी'.

नवखीचा पहिला प्रश्न तिनं चार वेळा तपासला. मुद्रितशोधकच ती. विषय नेमका, प्रोग्रॅमची आवृत्ती, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. प्रश्न एकच.

उत्तर तासाभरात आलं. तिची एकेक ओळ ठेवून तिच्याखाली त्यानं उत्तर दिलं होतं, बाकीचा मजकूर छाटून टाकला होता. आधी सूचीची प्रत काढा. मूळ फाईलला हात लावू नका. मग हे करा, मग ते. शेवटी, "इतका नीटस प्रश्न या लिस्टवर वर्षभरात आला नाही. उत्तर चुकेल की काय याची धास्ती वाटली."

तिनं लिहिलं, "फौजदारांनाही धास्ती वाटते?"

त्याचं उत्तर लिस्टवर न येता तिच्या एकटीच्या पत्त्यावर आलं: "हे लिस्टबाहेर लिहितोय, कारण यात कुणाला शिकण्यासारखं काही नाही. वाटते. मी लिफ्ट दुरुस्त करतो. अडकलेली माणसं फोनवर नुसतं 'अडकलोय, या!' म्हणून ओरडतात. कुठली इमारत, कितवा मजला – काही नाही. दिवसभर तेच ऐकून घरी यावं तर लिस्टवर 'तातडीचे!!!'. म्हणून खेकसतो. मनानं वाईट नाही."

"मनाचं कुणी विचारलं नव्हतं. एका मेलमध्ये एकच विषय असावा म्हणतात."

"चुकलो. मनासाठी वेगळी चर्चा सुरू करू?"

"विषय काय द्याल?"

या प्रश्नाचं उत्तर यायला दोन दिवस लागले. "विषयाच्या ओळीपाशीच अडकलोय… कितवा मजला ते कळत नाही."

छापखान्यात त्या दिवशी तिनं एक अख्खं पान न तपासता पुढं सरकवलं. असं नऊ वर्षांत झालं नव्हतं.

दीडेक महिना असाच गेला. अक्षरं परत आली. जवळजवळ सगळे चौकोन गळून पडले. नवखीनं रीतीप्रमाणे उपाय लिस्टवर लिहिला, पुढच्याला उपयोगी पडावा म्हणून. अधूनमधून काकांच्या पत्त्यावर फौजदाराची दोन ओळींची मेल यायची – थंडी वाढलीय, गुडघे सांभाळा. आणि ती काकांच्या नावानं उत्तर द्यायची. आता ती बाबांसारखं हुबेहूब लिहायला शिकली होती. वाक्यं तशीच आखूड, तशीच शांत. दर वेळी पाठवून झालं की ती ते खातं घाईनं बंद करायची.

मग एका बुधवारी दोन मेल आल्या.

काकांना: "आठ वर्षं झाली, अजून तुम्हाला पाहिलं नाही. शनिवारी तुमच्याकडच्या एका इमारतीत काम निघालंय. सहीत वाचनालयाचा पत्ता असतोच तुमच्या. चारला येतो. पाया पडायचं आहे, नाही म्हणू नका."

आणि नवखीला: "शनिवारी काकांच्या वाचनालयात या ना. त्यांच्यासमोर मला बोलायला धीर येईल."

आत्या भाजी निवडत होती. तिनं दोन्ही मेल वाचून दाखवल्या.

"दोन नावं, एक पोरगी, आणि तिसरा माणूस हयात नाही," आत्या म्हणाली. "आता काय करशील? मिशा लावून बसशील खुर्चीत?"

"आत्या, तो परत कधी बोलणार नाही माझ्याशी."

"नाही बोलणार कदाचित. पण दारात येऊन कळण्यापेक्षा आधी कळू दे. एवढा मान तरी त्याला दे." मग निवडलेली भाजी तिनं उगीचच पुन्हा चाळली. "आणि माझ्या भावालाही जाऊ दे गं आता. दर आठवड्याला मेल लिहायला उठवतेस त्याला."

ती खोलीत गेली. नवी मेल उघडली. विषय म्हणजे मेलचं सार. ज्याला तेवढंच वाचायचंय त्याला तेवढ्यात कळलं पाहिजे. हे बाबांनीच लिहिलेलं. तिनं विषय लिहिला – काका गेले – आणि टेबलावर डोकं ठेवून ती रडली. अडीच महिन्यांत पहिल्यांदा. आत्या दाराशी येऊन उभी राहिली, आत आली नाही.

मग तिनं पुढचं लिहिलं.

"काका माझे वडील. अडीच महिन्यांपूर्वी झोपेत गेले. त्यानंतर त्यांच्या पत्त्यावरून आलेल्या नऊ मेल मी लिहिल्या. नवखीही मीच. फौजदार, तुम्ही त्यांना बरं वाटावं म्हणून लिहीत होता आणि बरं मला वाटत होतं. हे चुकीचं होतं. क्षमा मागते. उत्तर दिलं नाही तरी चालेल."

एकट्या फौजदाराला नव्हे, सगळ्या लिस्टला पाठवली. आणि नवल म्हणजे, छातीवरचं ओझं कुणी उचलून बाजूला ठेवावं तसं झालं. भीती होती, पण श्वास पुरत होता.

रात्रीपर्यंत एकेचाळीस उत्तरं आली. कुणीही जुन्या मजकुराच्या वर उत्तर लिहिलं नव्हतं, कुणीही सगळा मजकूर पुन्हा डकवला नव्हता. प्रत्येकानं संग्रहातून काकांची एखादी जुनी ओळ काढून आणली होती आणि तिच्याखाली आपलं लिहिलं होतं. 'यांनी मला पहिल्यांदा उत्तर दिलं.' 'यांच्यामुळे मी लिस्टवर टिकले.' तिच्यावर रागावलेला एकच निघाला, आणि त्यालाही दुसऱ्यानं सांगितलं, "जेवून या, मग लिहा."

फौजदाराचं उत्तर मात्र नव्हतं. गुरुवारी नाही, शुक्रवारीही नाही.

शनिवारी अवेळीच बारीक पाऊस पडत होता. तिनं चारला वाचनालय उघडलं ते नेहमीप्रमाणे, असं तिनं स्वतःला सांगितलं. नेहमीची वेळ साडेपाचची होती.

सव्वाचारला दारात एक उंच माणूस आला. हातात हत्यारांची पेटी, केसांतून पाणी निथळतंय, बोटांना वंगण. तो पायपुसण्यावर नको तितका वेळ उभा राहिला.

"छत्री – " ती म्हणाली.

"नाहीये." आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मऊ होता. "मी – फौजदार."

"कळलं."

तो आत आला. काकांच्या रिकाम्या खुर्चीकडं त्याची नजर गेली आणि तिथंच थांबली.

"तीन दिवस लिहितोय," तो म्हणाला. "खोडतोय. मी त्यांना गुडघे सांभाळा म्हणत होतो. आणि ते… मला रडायलासुद्धा अडीच महिने उशीर झाला. तो माझा वेळ होता. तुम्ही तो घ्यायला नको होता."

"नको होता," ती म्हणाली. बाजू मांडायला वाक्यं तयार होती, पण तिनं ती मांडली नाहीत. "तब्येत बरी आहे ना, असं विचारणारं तुमच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. तो प्रश्न संपू नये असं वाटलं. एवढंच."

बाहेर पन्हाळीतून पाणी पडत होतं. मग त्यानं पेटी खाली ठेवली, तो खुर्चीजवळ गेला आणि खुर्चीच्या पाठीवर हलकेच हात ठेवला. डोळे पुसले तेव्हा गालावर वंगणाचा पट्टा उमटला. तिनं न बोलता रुमाल पुढं केला.

"नवखी काकांच्याच घरातली आहे हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं," तो रुमालात तोंड धरून म्हणाला.

"काय?"

"मेल कुठून कुठून आली ते तिच्यातच लिहिलेलं असतं. दोघांच्या मेल एकाच घरातून निघत होत्या. वाटलं, काकांनी मुलीला शिकायला बसवलंय. म्हणून तर इतकं जपून लिहीत होतो. वडील शेजारीच बसलेत असं समजून."

"ते – जपून लिहिलेलं होतं?"

"त्याहून जपून मला येत नाही."

तिला हसू फुटलं. तोही हसला, ओल्या डोळ्यांनी, आणि खोलीतली हवा एकदम हलकी झाली.

सूचीतली दोनशे चौदा पुस्तकं तेवढी अजून चौकोनांतच अडकली होती. ती कपाटातून काढून हातानं भरायची होती. आज भरायला घेणारच होते, असं तिनं सांगितलं. तो म्हणाला, मी वाचतो, तुम्ही टाइप करा. तो नाव वाचायचा, लेखक वाचायचा, ती लिहायची. टेबल लहान होतं. पुस्तक ठेवताना कोपर कोपराला लागायचं आणि दोघंही माफ करा म्हणायचे. मग म्हणेनासे झाले.

पाचाच्या सुमारास आत्या डोकावली. चहाचा थर्मास ठेवून, त्याला आपादमस्तक न्याहाळून म्हणाली, "फौजदार म्हणजे मिशा असतील असं वाटलं होतं," आणि निघून गेली.

"किती झाली?" वाचनालय बंद व्हायची वेळ टळून गेल्यावर त्यानं विचारलं.

"एकशे नव्वद."

"म्हणजे चोवीसच राहिली?" त्याचा चेहरा पडला. पुढचं पुस्तक त्यानं उघडलं, पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं. "मी… जरा हळू वाचू का?"

तिनं कळफलकावरचे हात उचलून मांडीवर ठेवले.

"हळू वाचा," ती म्हणाली. "आणि पुस्तकं संपली तरी – या."